मी नाकारलेलं पोलकं

“आई, हिच्या अंगावर माझा परकर आहे.”

मुलगी माझ्याच वयाची, सात-आठ वर्षांची. धुळ्यात गरीब आणि अनाथ पोरांसाठी फुकट शाळा होती. शाळेच्या अंगणात आम्ही रांगेत उभे, समोर खुर्च्यांवर देणगी देणारी माणसं. ही मुलगी कापसाच्या जीनवाल्या शेठाणीबाईंची. ती खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली आणि माझ्या परकराचा घेर उचलून आईला दाखवला. “हा बघ शाईचा डाग. मीच पाडला होता.”

सगळे हसले. कुचेष्टेनं नाही, कौतुकानं. ते जास्त लागतं. शेठाणीबाईंनी मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, “टाकूनच देणार होते. कसा उपयोगी पडला बघा.” गुरुजींनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “पाया पड बाईंच्या. म्हण, उपकार झाले.”

मी पाया पडले. म्हटलंही.

आज तीस वर्षं झाली. परकराचं काही नाही. मी म्हटलं, ते डाचतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेले नाही. आईबाप प्लेगात गेले होते. मला सांभाळणारी मावशी सख्खी नव्हे, आमची शेजारीण. ती बोहारीण होती. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरायची, जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडी द्यायची. मी तिच्या मागे फिरू लागले. तिनं मला कापड शिकवलं. कपडा हातात आला की काखेजवळ धरायचा. घामानं कापड आधी तिथंच कुजतं. दोन्ही मुठींत घ्यायचं, अंगठ्याला अंगठा भिडवायचा आणि ताणायचं. चांगलं कापड ताठ राहतं. कुजलेलं चर्र करतं, मग वरून कितीही इस्त्री असो. “उजेडमा धर, ताण, देख, मंग बोल,” मावशी म्हणायची. “देणाऱ्याना तोंडकडे देखानं नही.”

मावशी गेली, पाटी माझ्याकडे आली. पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचं दुकान झालं. आता अमळनेर-पारोळ्याच्या बोहारणी माझ्याकडून भांडी नेतात. मी तोंडाळ आहे, तापट आहे. बायका म्हणतात, हिच्याशी घासाघीस करण्यापेक्षा दगड दळलेला बरा. म्हणू देत. त्या तोंडावरच मी उभी राहिले.

शाळेला मी विसरले नव्हते. पोरांना दुपारी पेज मिळते ती माझ्या पातेल्यात शिजते. ताटल्या माझ्या, पाण्याचं पिंप माझं. आताचे मास्तर नाना. म्हातारा माणूस, स्वतःच्या अंगावर एकच सदरा, पण पोरांना पाढे असे शिकवतात की झोपेतून उठवलं तरी म्हणतील. ते दर वर्षी कपडेवाटपाच्या समारंभाला बोलवायचे. मी म्हणायचे, “नाना, माझं पातेलं आलंय ना? मग मी आलेच.” त्या अंगणात रांग बघायची माझी छाती नव्हती.

आणि शेठाणीबाईंच्या दारात मात्र मी स्वतः जायचे. दुकान झालं तरी, पाटी घेऊन. त्यांनी मला कधी ओळखलं नाही. त्यांच्याशी भाव करताना मला सुख व्हायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एक गाठोडं पुढं टाकलं. नातीची पोलकी, परकर, एक जरीकाठाचं पोलकं वर ठेवलेलं. मी ते उचललं, काखेजवळ धरलं, ताणलं. चर्र.

“अगं, फाडलंस की.”

“फाटलेलंच होतं, बाई. माझ्या अंगठ्यांनी फक्त कळवलं.”

“एक वाटी दे नि घेऊन जा सगळं.”

“वाटी? ह्यात चमचा यायचा नाही.”

“जर आहे त्याला.”

“जर काठाला आहे. पोरगी काय काठ घालून फिरणार?”

मी एकेक कपडा ताणत गेले. एकेक चर्र. मुद्दाम जरा जास्तच ताणलं असेल. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी गाठोडं ओढून घेतलं. “राहू दे. शाळेतल्या अनाथ पोरांना देईन. ती तुझ्यासारखी चिकित्सा करत नाहीत.”

मी पाटी उचलली आणि जिंकल्यासारखी निघाले. त्यांचं ते वाक्य मी ऐकलं होतं. ऐकून विसरले. माझी चूक ती.

समारंभाच्या दिवशी नव्या ताटल्या पोचवायच्या होत्या. गडी आजारी, म्हणून मीच गेले. अंगणात रांग उभी होती. तीच रांग. समोर खुर्चीवर शेठाणीबाई. पोरांच्या अंगावर वाटलेले कपडे, इस्त्री केलेले. रांगेत पहिली धुरपा, आठ वर्षांची, मागं-पुढं कुणी नसलेली. तिच्या अंगावर जरीकाठाचं पोलकं. तिचे दोन्ही हात बरगड्यांना चिकटलेले, थंडी वाजल्यासारखे. उन्हाळ्यात.

नाना म्हणाले, “बाईंना नमस्कार करा.”

सगळ्या पोरांनी हात जोडले. धुरपानं कोपरं अंगाशी दाबून कसेबसे बोटांना बोटं लावली. एक पाहुणे म्हणाले, “असा कसा गं नमस्कार? हात वर कर.” तिनं केले. काख उघडी पडली. तिथं शेजारी शेजारी दोन भोकं होती, त्यांतून खाली कमरेपर्यंत फाटत गेलेलं. लोक हसले. कौतुकानंच.

ती भोकं माझ्या अंगठ्यांची होती.

मी बाईंशी भाव केला, मी जिंकले, आणि माझं ‘नको’ ह्या पोरीच्या अंगावर येऊन बसलं. ताटल्या माझ्या हातातून खाली गेल्या. त्या आवाजानं सगळे वळले.

मी रांगेपाशी गेले. म्हणाले, “ह्या कपड्याला मी चमचा दिला नव्हता. भोकं माझी आहेत. ह्या बाईंच्या ओसरीवर पाडली.”

शेठाणीबाई उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “दान घेताना भाव करायचा नसतो.”

“मग देताना कुजका माल काढायचा नसतो.”

नानांनी माझा दंड धरला. “अक्का, गप्प बसा. ही जागा त्यांची आहे. पोरांना उद्या बसवू कुठं?”

ते खरं होतं. शाळेची खोली म्हणजे बाईंच्या जीनचं जुनं गोदाम. मी तोंड उघडलं तर छप्पर जाणार होतं. माझं नाही, पोरांचं. मी ताटल्या उचलायला वाकले. मग धुरपाकडे बघितलं. ती हात पुन्हा बरगड्यांना लावून उभी होती. मी तिच्यापुढं उकिडवी बसले.

“हे तुला पाहिजे का गं?”

तिनं नानांकडे बघितलं. मग बाईंकडे.

“त्यांच्या तोंडाकडे नको बघू. पोलक्याकडे बघ. पाहिजे?”

“काखेत टोचतं,” ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, “नको.”

मी तिला माझ्या पदरात गुंडाळलं. पोलकं काढून, घडी घालून बाईंच्या मांडीवर ठेवलं. आणि सांगितलं, “तीस वर्षांपूर्वी ह्याच अंगणात तुमच्या मुलीनं माझा परकर उचलला होता. त्या दिवशी मी उपकार झाले म्हटलं होतं. ते आज परत घेते.”

त्यांना आठवत नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं मला. आठवत नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

आठ दिवसांत गोदामाला कुलूप लागलं. चार पोरांच्या नातेवाइकांनी त्यांना जीनमध्ये सरकी वेचायला लावलं. ते माझ्यामुळं. त्यांतली दोन मी भांडून परत आणली, दोन अजून आली नाहीत. शाळा आता आमच्या बोहारणींच्या आळीत भरते, माझ्या दुकानामागच्या पत्र्याखाली. पत्रा दुपारी तापतो. दुकानात भांड्यांचे पोचे काढतात, त्या ठोक्याठोक्याला पोरांचे पाढे चुकतात. नाना महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

परवा ते निरोप घेऊन आले. बाई गोदाम उघडायला तयार आहेत. अक्कानं येऊन माफी मागावी, आणि समारंभाला पोरं रांगेत यावीत, पहिल्यासारखी.

“अक्का, पत्र्याखाली पोरं भाजतायत. एक शब्द तर टाकायचा.”

“माफी मी मागितली, नाना. धुरपाची. जिची मागायची तिची मागितली.”

“हट्ट आहे हा.”

“आहे.”

मी त्यांना माझी अट सांगून पाठवलं. गोदाम द्यायचं तर द्या, भाडं घ्या, ते मी घासाघीस करून देईन. पण रांग नाही. नमस्कार नाही. कपडा आला तर आधी पोरांच्या हातात.

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटतही नाही. काल कुणीतरी दुसऱ्यानं गाठोडं पाठवलं. त्याची गाठ मी सोडली नाही. पोरांसमोर ठेवलं. धुरपानं वरचा सदरा काढला, उन्हाकडे धरला, काखेजवळ मुठीत घेतला, अंगठ्याला अंगठा भिडवला. आणणारा माणूस म्हणाला, “अगं पोरी, फुकट आहे ते.”

ती ताणतच राहिली.

मी पत्र्याला आणखी एक टेकू लावायला घेतलाय. उद्या नवीन फळा येतोय. पाढ्यांच्या आधी पहिला तास कापडाचा.