उसनवारीचा तिसरा परिच्छेद

या लिखाणात मी कोणाचे नाव घातलेले नाही. लेखी नोंद झाल्याने काय होते, तेच येथे सांगायचे आहे.

वसईच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीचा वर्ग मी बाहेरूनच पाहिला. तरीही गेली बावीस वर्षे पदवीधर साहेबलोक ज्या अर्जांना उत्तरे देतात, त्यांतले पुष्कळसे माझ्या हातचे असतात, हे मी नम्रपणे परंतु स्पष्टपणे नमूद करतो. माझ्या अर्जाला तीन परिच्छेद असतात. पहिल्यात हकिगत, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात उपाय. इतर अर्जनवीस उपाय लिहीत नाहीत, नुसते रडगाणे लिहितात. उपाय आयता लिहून दिला की साहेबाला सही तेवढी करावी लागते, असे माझे तत्त्व होते. त्याखाली प्रती. एकाच कचेरीत गेलेला अर्ज टेबलाच्या खणात मरतो; सात ठिकाणी गेलेला मरत नाही. शेजारचा मुद्रांकविक्रेता म्हणायचा, "काय वकीलसाहेब, आज गटाराच्या अर्जाची प्रत राष्ट्रपतींना की नाही?" मी हसत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जूचंद्रची एक बाई माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. आठवड्यातून दोनदा त्याला इथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात डायलिसिसच्या मशीनवर ठेवावे लागे. मशीन होते, माणसे होती. पण दर खेपेला रक्त गाळायची नवी गाळणी आणि नळ्या लागतात, त्यांचा संच निविदा काढून खरेदी होतो. या वेळी निविदेला एकच पुरवठादार आला. एकच आला म्हणून नियमाने फेरनिविदा निघाली आणि तोवर भांडार रिकामे झाले.

"मग सध्या चालते कसे?" मी विचारले.

"इकडचा स्टोरवाला तिकडनं आनतो." तिकडनं म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका धर्मादाय रुग्णालयातून. "मागं त्यांच्याकडं सलाईन सरलं तवा इकडनं दिलं होतं. आता ते देतात. आपन शेजारनीकडनं वाटीभर मीठ आनतो ना भाऊ, तसंच. आपला माल आला का परत द्यायचं. दोन खेपेला मीच खोका मांडीवर घेऊन रिक्षातनं आनलाय."

"त्याचा कागद?"

"कसला कागद? क्यालेंडरवर लिवतात."

मी लेखणी खाली ठेवली. दोन मोठ्या संस्था, त्यांच्यावर माणसांचे प्राण अवलंबून, आणि त्यांचा सगळा व्यवहार भिंतीवरच्या कॅलेंडरवर! उद्या एकाची बदली झाली, तर नवा माणूस त्या आकड्यांना धोब्याचा हिशेब समजेल. माझी ही शंका खोटी नव्हती, असे आजही म्हणतो.

"त्यांच्याकडं बी आता थोडेच उरलेत," ती म्हणाली. "खरेदी लवकर करा, एवढंच लिवा. त्या दोघांचं नका लिवू. भली मानसं हायेत."

"वहिनी, मी त्यांची निंदा करणार नाही. स्तुती करणार आहे."

"स्तुती बी नका करू."

पण तिसरा परिच्छेद माझ्या डोक्यात तयार झालेला होता. तो मला अजून पाठ आहे. "सदर दोन्ही रुग्णालयांचे भांडारपाल कोणत्याही लेखी आदेशाची वाट न पाहता, परस्पर सामंजस्याने एकमेकांस साहित्य उसने देऊन रुग्णांचे प्राण वाचवीत आहेत. तरी ही स्तुत्य प्रथा लेखी कराराने नियमित करण्यात यावी." खाली सात प्रती. मुद्रांकविक्रेत्याने चष्मा कपाळावर ढकलून ते वाचले आणि प्रथमच थट्टा न करता कागद परत दिला.

अर्जदार म्हणून सही नवऱ्याची हवी होती. तो बाहेर रिक्षात बसला होता. रंग खाऱ्या मातीसारखा झालेला, हातावर सुयांच्या गाठी. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"केवढा लिवलाय हो! वाचता वाचता सायबालाच मशीन लागंल."

बायको त्याला म्हणाली, "सही करा मुकाट." आम्ही तिघेही हसलो. रिक्षावालाही हसला.

माझ्या बावीस वर्षांत इतक्या लवकर कोणताही अर्ज हलला नव्हता. आठ दिवसांत हलला. नवव्या दिवशी दुपारी एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, देशावरची बोली. सार्वजनिक रुग्णालयाचे भांडारपाल.

"अर्ज तुम्हीच लिहिलात ना? चांगला लिहिलाय," ते म्हणाले. "इतका चांगला, की वर तो कोणीतरी वाचला."

त्यांनी घडी केलेले पत्र पुढे केले. विनापरवाना, विनाखरेदी, विनातपासणी बाहेरचे साहित्य भांडारात कसे आले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. धर्मादाय रुग्णालयातल्या भांडारपालालाही विश्वस्तांनी विचारले होते, की देणगीतून आलेला माल दरवाजाबाहेर गेला कोणाच्या हुकमाने. त्याला भांडारातून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवले होते.

"मी तुमची प्रशंसा केली होती," मी म्हणालो.

"हो. सात ठिकाणी." ते स्टुलावर बसले. त्यांच्या आवाजात राग असता, तर मला बरे वाटले असते. "अहो, वरच्यांना हे ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? आमच्या मोठ्या डॉक्टरांनीच मला म्हटलं होतं, बघा तिकडून काही मिळतंय का. पण ऐकलेलं विसरता येतं. आवक शिक्का पडलेलं विसरता येत नाही."

"मी दुसरा अर्ज देतो. स्पष्टीकरणाचा."

"नको," ते उठत म्हणाले. "दादा, कृपा करा. आता काहीच लिहू नका."

मी तरीही लिहिला. त्याची पोच माझ्याकडे आहे. त्यावर उत्तर आले, की परस्पर साहित्य देवाणघेवाणीच्या कराराचा मसुदा विधी विभागाकडे अभिप्रायार्थ असून, अभिप्राय येईपर्यंत अशी देवाणघेवाण करू नये.

गाळण्यांअभावी इथले मशीन बंद राहिले आणि धर्मादाय रुग्णालयात आधीच रांग होती. त्या बाईच्या नवऱ्याला खाडीपलीकडच्या एका रुग्णालयात जागा मिळाली, पण आठवड्यातून एकदाच. दुसरी खेप कुठेच मिळाली नाही. खासगीत जाणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते.

मी एकदा जूचंद्रला त्यांच्या घरी गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येत नाही. कोणी बोलावले नव्हते. पलीकडे नव्या इमारतींचे मजले चढत होते, त्यांची धूळ ओटीवरच्या रांगोळीवर बसली होती. तो ओटीवर भिंतीला टेकून होता. पाय इतके सुजलेले, की चपला बाजूला उलट्या पडल्या होत्या. बाईने मला तांब्या आणून दिला. त्याला पाणी मोजून असे, दिवसाला दोन पेले. माझ्या हातातल्या तांब्याकडे तो पाहत राहिला.

"प्या, वकीलसाहेब," तो म्हणाला. "माझ्या वाटचं पानी पन तुमीच प्या."

टोमणा होता की आदरातिथ्य, मला कळले नाही. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

गणपतीच्या आधी तो गेला. फेरनिविदेचे संच त्यानंतर रुग्णालयात पोचले. खोक्यांची रास दारापर्यंत लागली होती, असे कोणीतरी सांगितले.

दिवाळीनंतर बाई पुन्हा माझ्या टेबलापाशी आली. हातात एक लांब पाकीट होते, नवऱ्याच्या नावाचे. "हे काय हाय ते वाचा आधी."

मी वाचले. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, दोन्ही रुग्णालयांमध्ये साहित्याच्या परस्पर देवाणघेवाणीचा करार झालेला आहे. सोबत कराराची प्रत. त्यात समिती होती, मागणीचा नमुना होता, दोन सह्यांची अट होती. पहिल्या कलमात "परस्पर सामंजस्याने एकमेकांस साहित्य उसने देऊन" हे शब्द होते. माझे शब्द, काना-मात्रेसह. पुढे कोणा भांडारपालाची बदली झाली, तरी हा व्यवहार बुडणार नव्हता. मला हवे होते ते सगळे त्यात होते.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "म्हंजे तुमचं ऐकलं त्यांनी."

"हो, वहिनी."

तिने पाकिटाची घडी करून पिशवीत ठेवली आणि पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची होती. मी कोरा कागद घेतला. अमुक तारखेस पती मयत, वारस अमुक अमुक, नोंद व्हावी ही विनंती. एकच परिच्छेद. लेखणी पुढे सरकू पाहत होती. मी ती थांबवली.

"यात दुसऱ्या कोनाचं काय लिवलं नाय ना?"

"नाही."

"आनखी कोनाला धाडनार?"

"कोणालाही नाही. फक्त तलाठ्याला."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. ती ओठ हलवत ऐकत होती. संपल्यावर तिने सहीसाठी पेन घेतले, पण कागदाला टेकवले नाही.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचले.