ताठ शेपटीच्या अळ्या

अळीबाईला तोंडावर कोणी अळीबाई म्हणत नसे. तेवढी कोणाची छाती नव्हती. पण गळ टाकून बसणाऱ्या मंडळींत तिचं हेच नाव होतं, कारण छोट्या माशांसाठी गळाला लावायच्या रबरासारख्या मऊ, खोट्या अळ्या ती साच्यात ओतायची आणि तशा दुसऱ्या कोणाला जमत नसत. तव्यात अख्खे मावतात असे हे मासे. तोंड एवढंसं, पण चोखंदळपणा जावयाचा. मोठा मासा दिसेल त्यावर झडप घालतो. हे बेटे अळी हळूच ओढून घेतात, चाखून बघतात आणि जरा ताठ लागली की थुंकून टाकतात. म्हणून अळी करंगळीच्या पेराएवढी हवी, शेपटी कागदासारखी पातळ हवी आणि दोरी स्थिर असतानाही ती शेपटी वळवळायला हवी. अळीबाईची वळवळायची.

अळ्या मऊ, बाई मात्र मऊ नव्हती. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर रिकाम्या वाटीबरोबर चार शब्द घेऊन परत जायची.

घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत शेगडी, खिडकीत वाफ बाहेर ओढणारा पंखा, भिंतीला फळी. दुधासारखं पांढरं द्रव पातेल्यात तापवायचं. ते आधी खिरीसारखं दाटतं, मग पातळ आणि काचेसारखं नितळ होतं. त्यात रंग, चिमूटभर चमकी, आणि बारीक धारेनं साच्यात. फळीवर दोन बाटल्या असत, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एकीतलं औषध घातलं की अळी मऊ होते, दुसरीतलं घातलं की ताठ. ताठाचं औषध मोठ्या माशांच्या अळ्यांना, कारण ते चावून फाडतात. छोट्यांच्या अळीला त्याचा थेंबही चालत नाही.

या घरात दुसरं माणूस म्हणजे भावजय. भाऊ वारला आणि ही मागे राहिली. अळीबाई म्हणायची, गळ्यात पडली. गळ्यात पडलेली ही बाई सकाळी कात्री घेऊन बसायची ती साच्यातून निघालेल्या अळ्यांच्या कडा कापत, पाकिटं भरत, मधेच उठून स्वयंपाक करत दिवस काढायची. बोलायची मात्र अखंड. ऐकायला कोणी नसलं तर अळ्यांशी बोलायची. "ए लबाडे, शेपटी दाखव बघू," असं काहीतरी चाललेलं असायचं, आणि अळीबाई पलीकडून ओरडायची, "तोंड मीट जरा, हात चालव."

पाहून पाहून भावजयीचा हात ओतण्यावरही बसला. उरलंसुरलं द्रव घेऊन तिनं स्वतःची एक अळी केली. धुरकट रंगाची, शेवटी दुभंगलेल्या शेपटीची. गळांचं दुकान चालवणारा गळवाला ती बोटांत धरून कितीतरी वेळ हलवत राहिला. म्हणाला, "वहिनी, ही पाण्यात अशीच चालली तर यंदा दुकानात दर्शनी हीच लावतो. आमच्या वरची खोली रिकामी आहे. तिथेच राहा, तिथेच ओता. पुढच्या बाजाराला नवा घाणा करून आणा, सगळ्यांसमोर तळ्यात सोडून बघू."

भावजयीनं घरी येऊन हे सगळं एका दमात सांगितलं. नव्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा सांगितलं. ही गेली तर घरात बोलायला भिंती उरणार, हे अळीबाईला त्याच क्षणी कळलं आणि ती घाबरली. पण घाबरल्यावर "जाऊ नकोस" म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. तिची भीती वाटेत कुठेतरी आंबायची आणि बाहेर येताना विष होऊन यायची.

भावजय भाजी आणायला गेली तेव्हा अळीबाईनं मऊची बाटली अर्धी मोरीत ओतली आणि ताठाच्या औषधानं भरून जागेवर ठेवली. बूच फडक्यानं पुसलं. मग चहा करून प्यायली. तिला ठाऊक होतं, शेगडीच्या उबेत अळी मऊच लागते. तिचा ताठा कळतो तो थंड पाण्यात गेल्यावर. संध्याकाळी भावजयीनं त्याच बाटलीतलं औषध घालून नवा घाणा ओतला.

बाजाराच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून भावजयीबरोबर गेली. गळवाल्यानं तळ्याच्या धक्क्यावरून अळी सोडली. पाणी स्वच्छ होतं, सगळं दिसत होतं. मासे आले. एकानं अळी तोंडात घेतली आणि सोडली. दुसऱ्यानं घेतली, थुंकली. तिसरा नाक लावून परत फिरला. दुभंगलेली शेपटी कात्रीसारखी उघडीच राहिली.

"वहिनी, ही तर काडी आहे," गळवाला म्हणाला.

"घरी हलत होती हो," भावजय म्हणाली. तिनं दुसरी दिली, मग तिसरी.

"घरी हलणारच," अळीबाई मोठ्यानं म्हणाली, "घरी मासे कुठे असतात?"

धक्क्यावरची माणसं हसली. गळवालाही हसला, मग ओशाळला आणि दोरी गुंडाळू लागला. भावजय अळ्यांची पेटी बंद करायला गेली, तर तिला कडीच लावता येईना.

परतताना तिनं विचारलं, "वन्सं, माझं काय चुकलं?"

खरं सांगायला रस्ता मोकळा होता, जवळपास कोणी नव्हतं. अळीबाई म्हणाली, "चुकायला आधी काही यावं लागतं. तुझ्या हातातच नाही ते. कात्री धर, तेवढं पुष्कळ झालं."

भावजयीनं ते खरं मानलं. ती पुन्हा पातेल्याजवळ गेली नाही आणि तिची बडबडही थांबली. भाजीत मीठ घालू का, खिडकी लावू का, हेसुद्धा विचारू लागली. अळीबाईला जे हवं होतं ते मिळालं होतं. तरी त्या गप्प खोलीत ती दिवसभर खेकसत राहायची, आणि भावजय "बरं, वन्सं" म्हणायची.

वर्षं गेली आणि अळीबाईचे हात कापू लागले. धार साच्याच्या तोंडाबाहेर सांडायची. शेपट्या एक जाड, एक तुटकी. गळवाल्यानं पाकिटं परत पाठवली. मग एक दिवस तिनं पातेलं भावजयीपुढे सरकवलं. "तू ओत."

भावजय मागे सरली. "नको, वन्सं. माझ्या हातून तुमचं नाव खराब होईल. मी कपड्यांच्या कारखान्यात विचारून आले आहे. धागे कापायचं काम आहे. दोघींचं भागेल."

अळीबाईनं दरडावलं. घराबाहेर काढीन म्हणाली. मग आवाज खाली आणून समजावलं, जे तिला अजिबात जमत नव्हतं. भावजय मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती धास्ती होती.

शेवटी अळीबाई म्हणाली, "ऐक. त्या बाजाराच्या वेळी मऊच्या बाटलीत ताठाचं औषध मी घातलं होतं. तू जाऊ नयेस म्हणून. तुझी अळी चांगली होती. माझ्याहून चांगली होती."

भावजयीचे डोळे भरून आले.

"माझ्या मनाला लागू नये म्हणून असं स्वतःवर घेताय, वन्सं?"

"अगं, खरं सांगतेय. बाटली मी ओतली. मोरीत ओतली."

"राहू द्या हो. कोणी असं करतं का? तुम्ही बोलता कडक, पण मला सांभाळलंत. मला काय कळत नाही?"

तिनं अळीबाईचे दोन्ही कापरे हात आपल्या हातांत घेतले आणि डोळ्यांना लावले. अळीबाईनं ते सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण हातांत तेवढा जोर उरला नव्हता.