सायीच्या रंगाचा फ्रीज

दादा गेला त्याला आता सात आठवडे होतील. त्या सकाळी डोंबिवलीहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी नव्या घरात फ्रीजमधून दूध काढत होतो... दादाने रंगवलेल्या फ्रीजमधून. "भाऊजी, या," एवढंच त्या म्हणाल्या. त्या फ्रीजबद्दल मी वहिनींशी खोटं बोललो आहे, आणि ते सांगितल्याशिवाय दादाविषयी काही लिहिणं मला जमत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. डोंबिवलीतल्या एका कारखान्यात त्याने उभा जन्म लोखंडी कपाटांना स्प्रेने रंग मारला. फ्रीज आमच्या आईचा, गोल खांद्यांचा, जाड दांड्याचा. कोपरीच्या चाळीत आमच्या मजल्यावरचा पहिला. कुणाचं बाळ तापलं की बर्फ आमच्याकडून जायचा, आणि आईचं स्वतःचं ताक उन्हाळ्यातही बाहेरच राहायचं, कारण आत शेजाऱ्यांची पातेली. आई गेल्यावर तो बंद खोलीत गंजत पडला. ठाण्यातच नवा फ्लॅट घेतला तेव्हा मी हट्ट धरला, वास्तुशांतीला आईचा फ्रीज घरात हवा.

डॉक्टरांनी त्याआधीच दादाला स्प्रे-गन धरायला मनाई केली होती. फुप्फुसं थकली होती. "मी फक्त घासून देतोय, रंग दुसरा मारेल," असं तो घरी सांगून यायचा. मला म्हणाला, "वहिनीला बोलू नकोस. आणि परक्याच्या हातचा रंग आईला चालायचा नाही, स्वप्नात येऊन शिव्या घालेल." मी हसलो. थांबवलं नाही. खरं तर मला बरंच वाटलं.

महिनाभर तो कोपरीला येत होता. आतली यंत्रणा एका मेकॅनिकने बदलून दिली. बाकी सगळं दादाने. दार उतरवलं, रबर काढलं, गंज पत्र्यापर्यंत खरवडला, पुट्टी भरली, पाणी लावून पॉलिश पेपरने घासत बसला. मूळ रंग कुठेच उरला नव्हता. शेवटी बिजागरीखाली सापडला, नखाएवढा. "अरे, हा पांढरा नव्हताच कधी," दादा म्हणाला, "सायीचा रंग आहे." धापा टाकत होता, तरी खूश होता.

शेवटचा हात मारायच्या दिवशी धूळ बसू नये म्हणून त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मास्क मी आणून दिला होता. पण तो लावला की चष्म्यावर वाफ धरायची, रंग कसा बसतोय ते दिसायचं नाही. म्हणून मास्क गळ्यात लोंबत होता. मी बाहेर गॅलरीत. आतून गनचा आवाज यायचा, थांबायचा, मग खोकला... पुन्हा आवाज. मी दार ठोठावलं. त्याला बाहेर काढायला नव्हे. मी विचारलं, "दादा, परवा टेम्पो सांगितलाय. वाळेल ना?"

"वाळेल रे. तू जा, चहा सांग."

तीन आठवड्यांनी तो गेला. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं, हे कधीही झालं असतं. मी ते रोज स्वतःला सांगतो. पटत नाही. तेराव्याला वहिनींनी विचारलं, "फ्रीजला रंग कोणी मारला, भाऊजी?" मी म्हणालो, "कारागीर आणला होता."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

इथवर लिहिलं, आणि हे त्यांनी थेट पेपरात वाचावं याची लाज वाटली. गेल्या रविवारी डोंबिवलीला गेलो, वहिनींना सगळं वाचून दाखवलं. संपल्यावर त्या उठल्या आणि कपाटातून दादाचा खाकी शर्ट काढून आणला. बाहीवर, कॉलरवर त्याच रंगाचे बारीक ठिपके.

"त्याच संध्याकाळी पाहिले मी," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी ह्यांनी दोनदा भात मागून घेतला. कारखाना सुटल्यापासून असे जेवले नव्हते. मग मीही ह्यांना काही विचारलं नाही."

मी हातातले कागद दुमडले.

"छापायचं तर छापा. पण माझंही लिहा त्यात."

तो शर्ट त्यांनी धुतलेला नाही. ह्यांचा वास आहे म्हणाल्या, थिनरचा. नाकाशी धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्यापुढे धरला. मला कसलाच वास आला नाही... तरी मी मान डोलावली.