बिघाडाचे कारण

"दार कोन लावते?"

मोटार समोर उभी राहिली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हा. काय बिघडलं, केव्हा बिघडलं, हे मागाहून. तुम्ही गाऱ्हाणं सुरू केलंत की ते तळहात वर करून थांबवायचे, तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात न्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

नागपुरात गड्डीगोदामच्या पुढे एका कडुनिंबाखाली त्यांची पेटी आणि स्टूल असे. मोटारीच्या दारांची कुलपं आणि काचा, एवढंच काम. एका डॉक्टरांनी एकदा इंजिन बघण्याची फार गळ घातली. मिस्त्री म्हणाले, "मी दारावरचा मानूस. घरात काय चाललं, मले काय करायचं?"

डोळे मिटून बसायचे आणि मालकाला दार लावायला सांगायचे. पुन्हा. अजून एकदा. मोठमोठे लोक उन्हात उभे राहून निमूटपणे दार लावत-उघडत आहेत, हे दृश्य बघायला समोरच्या टपरीवर गर्दी व्हायची. मीही त्यातलाच. एका प्राध्यापकांना त्यांनी सांगितलं, "कुलूप चांगलं आहे. बाई रागानं उतरतात. बदलून देतो, पन पुढच्या महिन्यात पुन्हा यान." प्राध्यापक लाल झाले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आले.

एका ठेकेदाराने बटणावर काचा चढणारी विलायती मोटार आणली तेव्हा गावातल्या जाणकारांनी हात टेकले होते; म्हणे बटण मुंबईहून मागवावं लागेल. मिस्त्रींनी आयुष्यात तसलं बटण पाहिलं नव्हतं. त्यांनी ते उकललं, कागदावर आपटलं आणि निघालेला सुपारी-तंबाखूचा चुरा ड्रायव्हरपुढे धरला. "घे गा. दोन खर्रे होतात." मग जुन्या टूथब्रशने आतली पितळी टोकं घासली. काच सुरसुर वर गेली.

सत्तरच्या दशकात मी एका सरकारी ऑफिसात कारकून होतो. कालव्यांचं काम. गाड्यांच्या दुरुस्तीचे कागद माझ्याकडे असल्यामुळे मिस्त्रींशी ओळख. आमचे साहेब दौऱ्यावर गेले की गावोगावचे लोक मोटारीभोवती जमत. साहेब काच चार बोटं खाली करत, दोन बोटांनी अर्ज घेत, "पाहतो" म्हणत आणि काच वर. साहेबांनी कधी कोणाचा अर्ज नाकारला नाही, अशी त्यांची ख्याती होती.

एका डिसेंबरात ती काच अर्ध्यावर अडकली. साहेबांच्या डाव्या कानात वारं जाऊ लागलं आणि मफलर गुंडाळूनच ते ऑफिसात येऊ लागले. मला हुकूम झाला. मी ड्रायव्हरला घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

"दार कोन लावते?"

चपराशी लावतो, असं ड्रायव्हर म्हणाला. आणि काच? काच साहेब स्वतः.

"मंग चपराशी सुटला," मिस्त्री म्हणाले आणि दाराचा आतला पत्रा काढून कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात घडी घातलेला कागद होता. मग दुसरा. मग ओला होऊन वाळलेला तिसरा. काही उंदरांनी कुरतडलेले, काहींची शाई पसरलेली. सत्तावीस अर्ज निघाले. मिस्त्रींनी ते जमिनीवर ओळीने मांडले आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक पाना ठेवला.

मी म्हणालो, चुकून घसरले असतील. मिस्त्रींनी वाद घातला नाही. पत्रा परत बसवला, वर्तमानपत्राची घडी काचेच्या कडेला, फटीवर ठेवली आणि दहा वेळा काच वर-खाली केली. कागद तिथेच. मग त्यांनी एका बोटाने तो जरासा लोटला. कागद दिसेनासा झाला.

"पाहा बाबू," ते म्हणाले. "कागद आपल्या मनानं आत जात नाई."

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर, पस्तिशी उलटल्यावर, मिस्त्री रात्रशाळेत वाचायला शिकले होते. त्यांनी एकेक अर्ज बोट फिरवत वाचला. एक पारशिवनीकडच्या एका गावाचा होता. कालव्याने गाव एकीकडे आणि शेतं दुसरीकडे झाली होती. लहानसा पूल मागितला होता. बाया डोक्यावर भारा घेऊन पाण्याच्या पाइपावरून जातात, मागच्या साली एक पडली, असं लिहून खाली जांभळ्या अंगठ्यांची रांग. अर्ज तीन वर्षांपूर्वीचा.

एक आमच्याच चौकीदाराचा होता. बायको आजारी आहे, नागपूरला बदली द्यावी. मिस्त्रींनी विचारलं, हा कोण? मी सांगितलं. तिच्या मयतीला मीच गेलो होतो, चैत्रात.

मिस्त्रींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे त्याचं काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

काच दुरुस्त झाली. आता फॉर्म. त्यात एक रकाना असे, 'बिघाडाचे कारण'. मी सवयीने 'सर्वसाधारण झीज' लिहायला पेन टेकवलं, तर मिस्त्रींनी रकान्यावर पंजा ठेवला.

"झीज कायची? लिहा, दारात अर्ज साठल्याने."

मी म्हणालो, मिस्त्री, माझी नोकरी जाईल. घरी दोन लेकरं आहेत.

त्यांनी रकान्यावरचा पंजा उचलला. चेष्टा केली नाही, याचं मला अजून बरं वाटतं. "मंग कारन राहू द्या," ते म्हणाले. "पन या अर्जायले शिक्का मारा. तोवर मोटार इथंच राहीन."

आवकचा शिक्का बसला आणि रजिस्टरात नंबर पडला की अर्जाला उत्तर द्यावंच लागतं. सरकारात एवढं तरी आहे. ते त्यांना कसं माहीत, कोण जाणे. मी टपरीवाल्याच्या सायकलवर ऑफिसात गेलो, शिक्का आणि रजिस्टर पिशवीत लपवून आणलं आणि पेटीवर बसून सव्वीस अर्जांवर आवक मारली. मिस्त्री एकेक कागद पुढे करत होते, पाना बाजूला काढून. पहिले पाच शिक्के तिरके बसले. शेवटचे पाच सरळ. शिक्के मारून संपले आणि मला काय झालं देव जाणे, फॉर्म ओढला आणि रकान्यात लिहून टाकलं : दारात अर्ज साठल्याने.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांनाही बोलावलं. गालिच्यावर ग्रीसने माखलेल्या चपला घालून मिस्त्री उभे. दार कोणाच्या परवानगीनं उघडलं, साहेबांनी विचारलं. दुरुस्तीले आलं होतं, दुरुस्त केलं, असं उत्तर मिळालं. मग साहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले, "कागद चुकून पडले असतील."

"हो साहेब," मिस्त्री म्हणाले. "म्हनूनच आतून पट्टी मारून दिली. आता चुकून नाई पडनार."

त्यानंतर आमच्या ऑफिसची एकही मोटार कडुनिंबाखाली गेली नाही. आणि महिन्याच्या आत माझी बदली पारशिवनीला झाली. बायको आठ दिवस बोलली नाही. हवा मात्र चांगली होती.

सव्वीसपैकी बहुतेकांना 'शक्य नाही' असं उत्तर गेलं. पण पुलाची फाइल, तीन वेळा परत येऊन का होईना, पुढे सरकली. साहेबांनी मला नेमकं तिथेच टाकलं असल्यामुळे पूल बांधला जाताना मला रोज दिसत होता. नागपूरला गेलो की मिस्त्रींना सांगायचो. पाया झाला. कमान झाली. ते ऐकायचे आणि विचारायचे, "बैलगाडी जाईन ना?"

पूल झाल्यावर एका रविवारी ते बसने आले. कडक इस्त्रीचा सदरा, खर्रा नाही. पुलाच्या मधोमध उभे राहून त्यांनी टाच आपटली आणि डोळे मिटून ऐकलं. तेवढ्यात एक बैलगाडी आली, तर कठड्याला टेकून तिला वाट दिली. मागून तीन बाया भारे घेऊन गप्पा मारत गेल्या. त्यांनी यांच्याकडे पाहिलंही नाही.

अर्जावर अंगठा देणारा एक म्हातारा भेटला. हे पाहुणे कोण, त्याने मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर मिस्त्रीच म्हणाले, "बाबूच्या ओळखीचा आहो. हवा खायले आलो."

पुढच्याच वर्षी काविळीने ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. जाऊन आलो. कडुनिंबाखाली कोणीतरी रसवंतीची गाडी लावली होती आणि लोक गोड तोंडाने बोलत उभे होते.

पण त्यांची आठवण आली की मला तो रविवार दिसतो. संध्याकाळच्या बसने मीही त्यांच्याबरोबर नागपूरला निघालो होतो. बसचं दार सुतळीने बांधलेलं. वाटेत सुतळी तुटली आणि दार प्रत्येक खड्ड्याला आपटू लागलं. मिस्त्री उठून दाराजवळच्या सीटवर गेले आणि एका हाताने त्यांनी दार धरून ठेवलं. थोड्या वेळाने पाहिलं, तर त्यांची मान खिडकीला टेकली होती. त्यांना गाढ झोप लागली होती. दार आपटत नव्हतं.