उखाणा माझा, टाळी वहिनींची

सकाळी कणीक भिजवायला घेतली होती. मीठ टाकलं, तेल टाकलं, आता पाणी घालणार तेवढ्यात वहिनींनी परात माझ्यासमोरून ओढून घेतली. त्यातलं पीठ त्यांनी कचऱ्याच्या डब्यात ओतलं. चांगलं चाळलेलं पीठ. मग म्हणाल्या, "सांगायचं ना आधी."

काय सांगायचं ते बोलल्या नाहीत. मलाही विचारावं लागलं नाही. आदल्या दिवशी त्यांच्याच हॉलमध्ये हळदीकुंकू झालं होतं, आणि तिथे जे झालं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

इंदिरानगरच्या त्या घरात मी तीन वर्षं पोळ्या लाटत होते. नाशिक रोडहून रोज सातच्या बसने यायचे. आमचं आडनाव त्यांच्या जातीतही असतं, आमच्यातही, म्हणून कुणी खोलात गेलं नाही. वहिनी महिला मंडळात उखाण्यांसाठी प्रसिद्ध. माइकवरून त्यांना 'आपल्या शीघ्रकवयित्री' म्हणायचे. उखाणे मी करायचे. माझी पोळी तव्यावर, त्या ओट्याला टेकून उभ्या, हातात मोबाईल. "डोहाळजेवण आहे गं, दे काहीतरी." मी दिलं की टाइप करून घ्यायच्या.

हे मी सायखेड्याला शिकले, आत्याच्या शेजारी बसून कांदा निवडताना. शाळेत बाई 'यमक' म्हणायच्या. आत्या 'जोड' म्हणायची. "आधी शेवट पकड," ती सांगायची, "मंग सुरवातीला ये. जोड लागली का बाकीचं आपोआप येतं. नाय लागली तर उगा वढू नको." नवऱ्याचं नाव शेवटी ठेवायचं आणि त्याला जुळणारा शब्द आधीच्या ओळीत लपवायचा, एवढीच युक्ती. पण ती सगळ्यांना साधत नाही. वहिनींना तर मुळीच साधत नव्हती.

खोटं कशाला बोलू, मी जळायचे. त्यांच्या साडीवर नाही, घरावर नाही. टाळीवर. एकदा आमच्या कॉलनीतल्या शेजारणीने फोनवर व्हिडिओ दाखवला. "बघ, काय भारी उखाणा घेतलाय बाईनं!" वहिनी माइक धरून उभ्या. ओळी माझ्या, चटणी वाटताना सुचलेल्या. शेजारीण तीनदा लावून हसली. मला सांगता येईना की ते माझं आहे. सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग हळदीकुंकू आलं. गुळपोळ्या मी केल्या होत्या, ताटल्या मीच फिरवत होते. बायकांनी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. चिठ्ठीत जो शब्द येईल त्यावर तिथल्या तिथे नाव घ्यायचं. वहिनींना 'उशीर' आला. नवऱ्याचं नाव सुधीर, म्हणजे जोड तयारच होती. तरी त्या अडकल्या. माझ्याकडे बघायला लागल्या. मी ताटली देता देता हळूच म्हटलं:

"चहा झाला गार, पोहे झाले गार, झाला की हो उशीर,
मोबाईलमधून मान काढतील तर ते कसले सुधीर!"

हळूच म्हटलं, पण पलीकडच्या दोघींनी ऐकलं. हसू उसळलं. "अगंबाई, तुमच्या बाईला पण येतं? घे गं, तूही घे एक." मला काय झालं कोण जाणे. तीन वर्षांची भूक होती. मी ताटली खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि म्हटलं:

"विहाराच्या दारी पिंपळ, पिंपळावर आकाश,
बुद्धाच्या साक्षीने हात धरला, ते माझे प्रकाश."

टाळी नाही. एक जण म्हणाली, "छान, वेगळंच आहे." दुसरीने अर्धी खाल्लेली गुळपोळी टीपॉयवर ठेवली आणि रुमालाने हात पुसले. बराच वेळ पुसले. वहिनींचं लक्ष त्या पोळीवर होतं.

म्हणून सकाळी परात गेली. "मला काही नसतं गं," वहिनी म्हणाल्या, "पण सासूबाईंचं सोवळं असतं. तू आता भांडी आणि फरशी बघ."

मी भांडी घासली. पंधरा दिवस. हे सांगताना आजही माझी मला चीड येते. नवी बाई माझ्या लाटण्याने पोळ्या लाटायची आणि मी तिच्या मागे उभी राहून तोच तवा घासायचे. त्या बाईवरही जळले मी, बिचारीचा काही दोष नसताना.

सोळाव्या दिवशी वहिनी मोरीपाशी आल्या. हातात मोबाईल. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा होती. "दहा-बारा तरी करून दे. ताजे हवेत."

मी नळ बंद केला.

"वहिनी, माझ्या हातची पोळी चालत नाही ना या घरात?"

"अगं, तो विषय वेगळा."

"वेगळा कसा? हात माझा, तोंडही माझंच."

त्या चिडल्या. "एवढा कसला भाव खातेस? ट ला ट तर जुळवायचं असतं."

"मग जुळवा," मी म्हटलं.

हात कोरडे केले, चपला घातल्या आणि मी जिना उतरले. पुन्हा ती पायरी चढले नाही.

जळणं गेलं का? नाही. मला ती टाळी हवी आहे, आजही हवी आहे. फक्त आता दुसरीच्या आडून नको. त्याच स्पर्धेचा फॉर्म मी आणला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. व्यवसायाच्या रकान्यात स्वयंपाक लिहिला नाही. 'उखाणे रचते' असं लिहिलं आणि फॉर्म देऊन आले. तिथे वहिनी असतील, त्यांच्या मैत्रिणी असतील. पुन्हा गप्प बसायचं असेल तर बसोत. मी दुसरा म्हणेन. त्यावरही गप्प बसल्या, तर तिसरा.