उन्हाचं पथ्य
फिनेलचा वास आला की पुण्यातल्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. आईच्या मेंदूतली गाठ निळ्या प्रकाशात गुलाबी दिसावी, म्हणून ऑपरेशनआधी तिला एक औषध पाजलं होतं. घरात शिकलेला मीच, म्हणून ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मलाच समजावलं, की गाठ निघाली, पण वाचा राहिली का, हे आई बोलेल तेव्हाच कळेल. सकाळी तिने डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, “पडदा सार की रं, सूर्याच्या पाया पडायचंय.” आई बोलली होती! मी रडतच पडदा सारायला उठलो. “अहो, थांबा!” सिस्टर ओरडल्या. “त्या औषधावर ऊन चालत नाही. मावशी, सूर्य काही पळून जात नाही, उद्या पडा पाया.” आईने बंद पडद्यालाच हात जोडले. आजही कॉलेजच्या बसमध्ये ऊन तोंडावर आलं, तर बंद पडद्याला जोडलेले आईचे ते हात आठवतात आणि मी जागा बदलत नाही.