पंधरा एप्रिलचं पान

तात्या गेल्याची बातमी आमच्या चिखलीच्या सोसायटीला फळ्याने दिली. गेटजवळचा तो फळा सकाळी सात वाजता कोरा दिसला आणि साडेसातपर्यंत तिघांनी आमची बेल वाजवली. "तात्या बरे आहेत ना?" तात्या म्हणजे माझे सासरे. पहाटे झोपेतच गेले होते... ताप असो, पाऊस असो, रोज सकाळी 'आजच्या दिवशी' असं लिहून त्यापुढे इतिहासातली एक घटना मांडणारा माणूस. फळा कोरा म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

तात्या मूळचे चाकणकडचे. सारी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, पत्रा कापायच्या प्रेसवर. तिथल्या गेटवर हाच फळा होता आणि त्यावर शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले एवढंच लिहिलेलं असे. तात्यांना ते पटेना. "पाळीला आत जाताना रोज तुटल्याल्या बोटांचंच वाचायचं व्हय? दुनियेत कवातरी चांगलं बी घडल्यालं आसंल की!" असं साहेबांना सुनावून त्यांनी फळ्याचा खालचा अर्धा भाग मिळवला. माणूस चंद्रावर उतरला, एव्हरेस्ट सर झालं, आपण वर्ल्ड कप जिंकलो... जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रं आणि शिफ्ट सुटल्यावर वाचनालय, असं करत त्यांनी एका लांबट वहीत वर्षाचे सगळे दिवस भरले. पुढे गेटवर स्क्रीन आला, फळा भंगारात निघाला. निवृत्त होताना लोक घरी घड्याळ आणतात; आमच्याकडे टेम्पोतून फळा आला आणि सोसायटीच्या गेटजवळ लागला.

त्यांचा एक नियम होता. उद्याचं पान आज उघडायचं नाही. "कालवण शिजायच्या आधी झाकण काढत्यात का?"

गेल्या वर्षी पंधरा एप्रिलला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "सूनबाई, आठ दिवस फळा तुझा." मी शेअर रिक्षाने निघाले. हातात थर्मास, डबा आणि वही. चिखलीत उतरले तेव्हा थर्मास होता, डबा होता. माझी विसरण्याची कीर्ती माहेरी आजही सांगितली जाते, पण इतकी मोठी मजल मी पहिल्यांदाच मारली. दोन दिवस रिक्षा स्टँडवर चकरा मारल्या. वही मिळाली नाही ती नाहीच.

फळा मात्र थांबेना. सोळा तारखेला सकाळी घरात कुकर ठेवून मी खडू घेऊन उभी राहिले आणि जे कानात होतं तेच लिहिलं: 'आजच्या दिवशी जगातल्या पहिल्या कुकरची पहिली शिट्टी वाजली.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, जगात पहिल्यांदा कुणीतरी छत्री विसरलं. हे सगळं मोबाइलवर शोधता येतं, हे तिसऱ्या दिवशी मुलीने सांगितलं. पण तोवर माझा इतिहास लोकप्रिय झाला होता. जिन्यात बायका थांबवून विचारायच्या, "उद्या काय गं?"

तात्या घरी आले. "वही कुठं हाय?"

"कपाटात आहे, तात्या. जपून ठेवलीय."

"जपून ठिवली ना? मग झालं."

आठवड्याने ते नवी वही घेऊन आले. जुन्या वहीतलं अक्षर बारीक आहे, आता दिसत नाही, मोठ्या अक्षरात उतरवतो म्हणाले. पण उतरवायला जुनी वही त्यांनी कधी मागितली नाही! पुन्हा वाचनालय, पुन्हा कात्रणं. दुपारभर मान खाली घालून लिहीत बसायचे आणि मी चहा ठेवून, खरं काय ते न सांगताच परत यायचे. एका वाक्याचं काम होतं. वर्ष गेलं... मार्चमध्ये तात्याच गेले.

तेराव्यानंतर फळा मी घेतला. नियम पाळून, रोज एकच पान. आणि परवा पंधरा एप्रिलचं पान उघडलं. त्यावर घटना नव्हती. मोठ्या, टपोऱ्या अक्षरात एवढंच होतं: 'जागा ठेवली हाय. सूनबाई सांगंल तवा लिहायचं.'

मी खाली गेले आणि लिहिलं, 'आजच्या दिवशी, गेल्या वर्षी, मी तात्यांची वही रिक्षात विसरले आणि नंतर त्यांच्याशी खोटं बोलले.'

मागे वॉचमन सोपान उभा होता. "मला वाटलंच हुतं, ताई. तात्या दवाखान्यात असताना मी रोज फळ्याचा फोटो धाडायचो त्यांना. कुकरचा बघून पोटाचे टाके धरून हसले म्हणं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हणले, गप ऱ्हा. तिची ती सांगंल."

दुसऱ्या दिवशीचं पान उघडलं. सोळा एप्रिल. 'बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली.' शाळेतल्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. खाली पेन्सिलीने, कंसात: 'गेल्या साली फळ्यावर कुकर आला हुता. शिट्टी बरुबर हुती. गाडी चुकली.'

मी फळा पुसला आणि दोन्ही ओळी लिहिल्या.